चौकटीची भाजी

गावच्या घराच्या माजघराला सागवानी चौकट आहे. म्हणजे होती. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पेस्ट कंट्रोलवाला मुलगा आला, त्याने चौकटीवर बोटाने टकटक केलं आणि बोट पेरापर्यंत आत गेलं. ते त्याने सावकाश बाहेर काढलं, पँटला पुसलं आणि दवाखान्यात नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, लाकूड कधीच गेलंय. हा नुसता ऑइल पेंट उभा आहे."

वर हेही म्हणाला, की ही सागवानी नव्हतीच, आंब्याची होती. म्हणजे आजोबांना सुताराने फसवलं होतं आणि ते उघडकीला आणायला वाळवीला यावं लागलं.

मग माळ्यावरची लाकडी पेटी खाली काढली. ह्या पेटीत आमच्या घराण्याचा इतिहास होता. इतिहास म्हणजे दावा. आजोबांनी त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावावर लावलेला. आमची दोन घरं शेजारी शेजारी, मध्ये सहा फूट रुंदीची पट्टी, गडग्यापासून विहिरीपर्यंत. पट्टीत एक फणस, एक वारूळ आणि पावसाळ्यात गुडघाभर टाकळा. ह्या स्थावर मिळकतीसाठी दोन पिढ्या तालुक्याच्या कोर्टातून जिल्ह्याच्या कोर्टात आणि तिथून परत अशा एसटीने फिरल्या. तेवढ्या तिकिटांच्या पैशांत सहा फूट सोडा, सहा एकर आले असते. पुढे वादी गेले, मग प्रतिवादी गेले, वकीलही गेले आणि पट्टी कोणाची ते राहूनच गेलं. आता पलीकडच्या घरात माझा चुलतभाऊ दादा, वहिनी आणि चौऱ्याऐंशी वर्षांची काकी राहतात. आमचं उत्तम आहे. येणं-जाणं आहे, आंबे आहेत, गणपतीची आरती एकत्र आहे. फक्त फणसाला पहिला फणस धरला की दोन्ही घरांतले लोक त्याच्याकडे न बघता त्याच्यावर लक्ष ठेवतात.

पेटी उघडली. आत दाव्याच्या आकाराची माती होती. वरची चार पानं तेवढी वाचली होती. चौथ्या पानाच्या तळाशी 'सबब' हा शब्द शाबूत होता आणि त्याच्यापुढे भुगा.

मुलगा मात्र खूश दिसला. घराच्या पायाभोवती फुटाफुटावर भोकं पाडायची, त्यांत औषध सोडायचं, असा सगळा बेत त्याने मांडला. मग परसात फिरता फिरता त्याला पट्टीतलं वारूळ दिसलं आणि त्याचे डोळे चमकले. "काका, सोर्स इथे आहे. आतली राणी मेली की विषय संपला." तो मशीन आणायला वळला आणि त्याच्यासमोर काकी उभी राहिली. हातात हिराची झाडू.

"हात लावलंस तर बघ! सातेरीक औषध मारतंस?"

आमच्या सिंधुदुर्गात आणि खाली गोव्यात सातेरी ही गावोगावची देवी. कितीतरी ठिकाणी तिच्या गाभाऱ्यात मूर्ती म्हणून वारूळच असतं. वर मुखवटा आणि साडी. मुलगा कोल्हापूरकडचा. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण झाडू कळली. मी मध्ये पडून म्हटलं, "काकी, अगं ही देवी आमचं दार खाऊन बसली."

"दार खाल्ल्यान तर खाल्ल्यान," काकी म्हणाली. "ह्या रोवणार अळमी येतत. माज्या सासयेच्या येळेपासून."

वारुळाला औषध लागलं नाही. घराच्या पायात मात्र भरपूर गेलं. काकीने फर्मान काढलं, की औषधाची जागा चाळीस फुटांवर असली तरी एक पावसाळा कोणी ह्या वारुळाची अळंबी खायची नाही. विषाच्या बाबतीत ती देवीवरसुद्धा विसंबत नाही.

पुण्याला परत आल्यावर मी वाचायला बसलो. आयुष्यभर बँकेत ताळेबंद जुळवले असल्याने, एका बाजूने चौकट गेली तर दुसऱ्या बाजूला काय जमा झालं हे बघणं मला भाग होतं. सापडलं. आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

झालंय असं की वाळवीच्या काही जाती लाकूड खातात पण ते त्यांना धड पचत नाही. मग त्या ते अर्धवट पचलेलं लाकूड वारुळाच्या पोटात नेऊन विष्ठेच्या रूपात रचतात. त्याचा अक्रोडाच्या गरासारखा घड्याघड्यांचा पोळा तयार होतो. त्यावर त्या एक बुरशी वाढवतात, तिची निगा राखतात, नको ती बुरशी उपटून टाकतात. लाकूड पचवायचं काम ही बुरशी करते. तिच्यावर मोहरीएवढे पांढरे गोळे धरतात, ते वाळवी खाते आणि पचून मऊ झालेला पोळाही खाते. ही चक्क शेती आहे. माणसाने शेती सुरू केली त्याला दहा-बारा हजार वर्षं झाली. वाळवीची शेती अंदाजे तीन कोटी वर्षांची. आणि पावसाळ्यात ही बुरशी जमिनीतून हातभर लांब देठ वर काढून छत्री उघडते. तीच आपली वारुळावरची अळंबी, गोव्यातली रोयण ओळमी. रोजे एम ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये तिच्या कुळाला टर्मिटोमायसिस असं नाव दिलं. आफ्रिकेत झांबियाकडे तिची एक बहीण आहे, तिची छत्री तीन फुटांपर्यंत रुंद होते. ती कढईत घालायची की पावसात डोक्यावर धरायची, हा प्रश्न तिकडच्या लोकांनी कसा सोडवलाय कोण जाणे.

पण माझी झोप आफ्रिकेमुळे उडाली नव्हती. माझ्या मनात साधी बेरीज चालली होती. वाळवीने आमची चौकट खाल्ली. दावा खाल्ला. त्याचा पोळा केला. पोळ्यावर अळंबी आली. ती वारुळावर उगवली. आणि मागची कित्येक वर्षं ती अळंबी काढून, वाटण लावून कोण खात होतं? काकी! म्हणजे वादीच्या बाजूचा समग्र पुरावा प्रतिवादी पक्षाने तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्ला होता.

बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "किती वाजलेत?"

सकाळी मात्र तिनेच विषय काढला. "वाळवीला जमतं ते तुम्हाला का जमू नये? निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. बागेत काय केलंत? कढीपत्ता. तोही आधीच्या मालकाने लावलेला."

आमचा पुण्यातला फ्लॅट तळमजल्यावर आहे आणि मागे दहा बाय बारा फुटांची जमीन आहे. तिला आम्ही बाग म्हणतो. वारुळाची अळंबी तिथे येणं शक्यच नव्हतं. प्रयोगशाळेत तिचे धागे वाढवता येतात, पण वाळवीशिवाय तिच्याकडून छत्र्यांचं भरघोस पीक घ्यायचं तंत्र माणसाच्या हाती आलेलं नाही. बाजारात मिळते ती बटण अळंबी हिमाचलातल्या सोलनसारख्या थंड हवेची लाडकी. तिच्यासाठी मला एसी लावावा लागला असता. उरली धिंगरी. शिंपल्यासारखी दिसते, पेंढ्यावर येते, पुण्याची हवा चालते. गेली कित्येक वर्षं लोकांना ती जोडधंदा म्हणून शिकवली जाते आणि शिकवणारा प्रत्येक जण 'अगदी सोप्पं' असं म्हणतो.

बी आणलं. अळंबीचं बी म्हणजे शिजवलेले गहू, ज्यांच्यावर पांढरी बुरशी चढवलेली असते. ती पिशवी मी ओट्यावर ठेवून बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो. परत आलो तर पिशवी नाही. "बुरशी आलेले गहू होते, टाकले," बायको म्हणाली. "आणि यापुढे किराणा मी आणत जाईन." दुसरं बी आणलं, त्यावर देवनागरीत 'टाकू नये' असं लिहिलं.

मग पेंढा. गावाहून पोत्यात भरून आणला, विळ्याने बोट-दीड बोटाचे तुकडे केले, बाथरूममधल्या टबात रात्रभर भिजत घातला. सकाळी तो गरम पाण्यात तासभर उकडायचा होता. त्यासाठी बायकोच्या माहेरचं लग्नातलं पातेलं वापरलं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पेंढा शिजू लागला आणि घरभर गोठ्याचा वास सुटला. वरच्या मजल्यावरचे जोशी खाली आले, दारात उभे राहून नाकाने हवा हुंगत त्यांनी फार सभ्यपणे विचारलं, "पाहुणे आलेत का?"

पेंढा निथळला, थरावर थर, थरामध्ये बी, पाच पिशव्या भरल्या, टाचणीने भोकं पाडली आणि लहान बाथरूममध्ये अंधारात टांगल्या. पंधरा-वीस दिवस उघडून बघायचं नसतं. मी दिवसातून चारदा बघत होतो. तीन पिशव्या कापसासारख्या पांढऱ्या होत गेल्या. दोन हिरव्यागार. हिरवी म्हणजे ट्रायकोडर्मा. शेतकरी हीच बुरशी कृषी केंद्रातून किलोच्या भावाने विकत आणतात, रोपांच्या मुळांचं रक्षण करायला. माझ्याकडे ती फुकट आली, आणि मला नको होती म्हणूनच आली.

हिरव्या दोन पिशव्या फाडून मी बागेच्या कोपऱ्यात अळवाच्या मागे फेकून दिल्या. पांढऱ्या तिघींचं बाळंतपण केलं: सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा, ओलं गोणपाट, खिडकीला जाळी. एके दिवशी टाचणीच्या टोकाएवढे दाणे दिसले आणि तीन दिवसांत शिंपले उघडले. एकूण सव्वा किलो. खर्चाची वही बघता ही धिंगरी आम्हाला सुरमईच्या भावाने पडली. भाजी बरी झाली होती. 'बरी' हा शब्द बायकोचा. तिच्या शब्दकोशात तो 'पुन्हा नको'च्या शेजारी येतो.

आणि पुढच्या वळवाच्या पावसानंतर अळवाच्या मागे, फेकून दिलेल्या त्या पेंढ्यातून, कोणीही फवारा न मारता, धिंगरीचे दोन सणसणीत घोस आले. मी ते बायकोला दाखवले नाहीत.

जूनमध्ये सोसायटीच्या हिरवळीवर छत्र्या आल्या. अळंबी ह्या विषयावर आता माझा अधिकार आहे असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं, त्यामुळे व्हॉट्सॲपच्या गटावर मला फोटो येऊ लागले. मोठ्या, पांढऱ्या, मध्ये तपकिरी खवले, देठाला बांगडी. दिसायला इतक्या देखण्या की बी विंगमधल्या एका गृहस्थांनी लसूण सोलायला घेतली होती. त्यांचं म्हणणं, चांदीचा चमचा काळा पडला नाही तर खायला हरकत नाही. दुसरे म्हणाले, लसूण काळी पडते का बघा. तिसरे म्हणाले, गोगलगाईने खाल्लंय म्हणजे निर्धोक. ह्या तिन्ही परीक्षा आपल्याकडेच काय, युरोपातही पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात आणि तिन्ही साफ खोट्या आहेत. विषारी अळंबी चांदीला काळं करत नाही. गोगलगाय जे पचवते ते आपल्याला पचेलच असं नाही. ती सोसायटीचा मेंटेनन्सही भरत नाही.

मोबाइलमधल्या ॲपने तीन नावं सुचवली. पहिलं खाण्याजोग्या छत्रीचं, दुसरं विषारी छत्रीचं आणि तिसरं एका समुद्री गोगलगाईचं.

मी एक छत्री आणली, देठ तोडला आणि तिची टोपी पांढऱ्या कागदावर पालथी घालून वर वाडगा ठेवला. रात्रभरात तिची बीजुकं कागदावर गळून पडतात आणि त्यांचा रंग कळतो. वारुळाच्या अळंबीचा ठसा फिका गुलाबी येतो. कोरा कागद हाताशी नव्हता म्हणून दाव्याच्या उरलेल्या चार पानांच्या झेरॉक्सची मागची बाजू घेतली. सकाळी वाडगा उचलला तर कागदावर चाकासारखा आऱ्या-आऱ्यांचा ठसा, स्वच्छ शेवाळी हिरवा. क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. उष्ण प्रदेशांतल्या हिरवळींवर, अंगणांत, बागांत ही हमखास येते आणि खाल्ल्यावर एक ते तीन तासांत माणसाला पोटातलं सगळं परत मागते. बहुधा जीव घेत नाही, फक्त जीव नकोसा करते.

जीव घेणाऱ्या वेगळ्या. अमानिता कुळातल्या काही जणी. त्यांचा कावा असा, की खाल्ल्यावर सहा-बारा तास काही होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, माणूस चहा मागतो, आणि तोवर आत यकृत निकामी होत असतं. म्हणून "आम्ही काल रात्रीच खाल्ली, बघा, ठणठणीत आहोत" हे वाक्य अळंबीच्या बाबतीत पुरावा म्हणून चालत नाही. रोमचा सम्राट क्लॉडियस इसवी सन ५४ मध्ये अळंबी खाऊन गेला आणि ती त्याला राणीनेच खाऊ घातली, असं तिकडच्या जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. हे मी जेवताना सांगितलं. बायकोने माझ्या पानात आणखी थोडी भाजी वाढली.

बी विंगवाल्यांची लसूण वरणाला लागली.

गेल्या वर्षी जुलैमध्ये एके संध्याकाळी काकीचा फोन आला. ती फोनवर गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलते. "ढग गरजतत. येतंस तर ये. मगे सांगूक नाय म्हणान बोंबलू नको."

विजा कडाडल्या की अळंबी वर येते, असं कोकणात प्रत्येक म्हातारं माणूस सांगतं. मी हसायचो. मग कळलं की जपानच्या इवाते विद्यापीठात अळंबीच्या ओंडक्यांना विजेचे झटके देऊन बघितले तेव्हा उत्पन्न खरोखर वाढलं. आता मी हसत नाही, रात्रीची गाडी पकडतो.

पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, कोणाला कळू नये अशा बेताने, मी टॉर्च, टोपली आणि खुरपं घेऊन मागच्या दाराने पट्टीत गेलो. नव्या चौकटीचं दार वाजत नाही, हा तिचा एक फायदा. वारुळापाशी आधीच एक टॉर्च होता. दादा. तोही मागच्या दाराने आलेला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोघांच्याही हातात टोपली असल्यामुळे फिरायला आलो म्हणून सांगायची सोय नव्हती.

पाऊस नुकता थांबला होता. फणसाच्या पानांवरून टपटप चालू होती. टॉर्च खाली केला तर वारुळाच्या पायथ्याशी ओली माती जागोजागी भेगाळलेली. एका भेगेतून करड्या रंगाचं टोक वर आलं होतं, बोथट शिसपेन्सिलीसारखं. त्याच्या शेजारी दुसरं, थोडं फुगीर. पुढे एक पूर्ण उघडलेलं: मध्ये टोकदार उंचवटा, कडा फाटलेल्या, खाली पांढऱ्याशुभ्र पडद्या. मी बोटं मातीत घालून देठ धरला. देठ खाली जातच राहिला. वीतभर गेला, तरी संपेना. शेवटी खुरपं काढलं.

"लोखंड लावू नको!" काकी मागे उभी. ही बाई झोपते कधी? "हातान काढ. आणि सगळी नको. अर्दी काढ, अर्दी ऱ्हव दे."

हा नियम तिला तिच्या सासूने घालून दिलेला. आता पुस्तकं सांगतात की बहुतेक जातींमध्ये नव्या वारुळांना ह्या बुरशीचं बियाणं उघडलेल्या छत्र्यांतून वाऱ्यावर उडालेल्या बीजुकांतूनच मिळतं. कळेच खुडून नेले तर पुढच्या वारुळांनी पेरायचं काय? गोव्यात हमरस्त्याकडेला पानांत बांधून ही अळंबी नगावर विकतात आणि भाव ऐकून माणूस गाडीत परत बसतो. तिथल्या रानांतून ती ओरबाडली जाऊ नये म्हणून गोवा विद्यापीठाचे डॉ. नंदकुमार कामत यांनी वर्षानुवर्षं लिहिलंय, बोललंय. काकीने त्यातलं काही वाचलेलं नाही.

पण माझं लक्ष वेगळीकडे होतं. वारूळ पट्टीच्या बरोबर मधोमध. अळंबी त्याच्याभोवती कमानीसारखी आलेली; थोडी आमच्या बाजूला, बरीचशी त्यांच्या बाजूला. दादाही तेच मोजत होता, हे मला त्याच्या ओठांच्या हालचालीवरून दिसत होतं. दोन पिढ्यांची एसटी परत सुरू व्हायला एवढं पुरे होतं.

"काय मोजतास?" काकीने विचारलं.

"काय नाय," आम्ही दोघे म्हणालो.

तिने दोन्ही टोपल्या ओढून घेतल्या, एकात एक रिकाम्या केल्या आणि आपल्या स्वयंपाकघराकडे चालू लागली. अपील नाही.

स्वयंपाकघरात बायको आणि वहिनी खाली बसून अळंबी साफ करत होत्या. देठाची माती सुरीने खरवडायची, टोपी हाताने फाडायची, चिरायची नाही. भाजलेल्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं वाटण, मालवणी मसाला, दोन सोलं. वास असा सुटला की दादाचा कुत्रा उंबऱ्यावर येऊन बसला. श्रावण लागायला चार दिवस होते. मी सहज काकीला विचारलं की श्रावणात ही चालते का. मनुस्मृतीने लसूण-कांद्याच्या पंगतीतच अळंबीलाही बसवून द्विजांना वर्ज्य करून टाकलंय, आणि विज्ञानाच्या मते बुरशी ही झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं, कुर्लीच्या कवचात असतं तेच. हे सगळं मी नीट समजावून सांगितलं.

"अळमीक काय रगत असता?" काकीने विचारलं आणि प्रकरण निकाली काढलं.

पंगत त्यांच्या पडवीत बसली. तांदळाची भाकरी, अळंबी, बाहेर पुन्हा पाऊस. पहिला घास घेतला आणि कळलं की धिंगरीला 'बरी' म्हणताना बायकोने किती सभ्यपणा दाखवला होता. मऊ, पण दाताला प्रतिकार करणारी, मटणासारखी आणि मटणासारखी नसलेली. मी मनात म्हटलं, ही चौकट. दुसऱ्या घासाला पेटी. तिसऱ्याला आजोबांची कैफियत, दहा परिशिष्टांसह. मग राहवेना आणि सगळं दादाला सांगितलं: वाळवी, पोळा, दावा, तुम्ही इतकी वर्षं काय खात आलात ते.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून त्याने तोंडात घातला, चावला आणि त्याच्या दाताखाली कचकन काहीतरी आलं.

"खडो गावलो काय हो?" वहिनीने आतून विचारलं.

"नाय गे," दादा म्हणाला. "'सबब'च्या फुडचां असात."